वितीहून लहान मासा

अन्याय झाला तो कर्जत तालुक्यात, कळंबच्या अलीकडे एका कातकरवाडीत राहणाऱ्या बाईवर. गेल्या वर्षी, गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारचे बारा वाजून गेल्यावर, एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. करणारे दोघे होते. एक त्या रिसॉर्टचा मॅनेजर आणि दुसरी मी.

नावं लिहीत नाही. बाईचं लिहिलं तर उद्या कोणीतरी तिलाच दारात उभं करून विचारेल, काय काय सांगितलंस म्हणून. मॅनेजरचं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस वाईट होता, तो बदलला की झालं. तसं नाही. तो वाईट नव्हता. मीही नव्हते. तरी झालं, आणि म्हणूनच लिहावं लागतंय.

मी तिला मावशी म्हणते. नात्यानं ती माझी कोणी नाही. आम्ही कडावचे, भातशेतीवाले. ती वाडीवरची. पण लावणीच्या दिवसांत ती आमच्या खाचरात आईच्या शेजारी वाकून रोपं लावायची आणि मी बांधावर बसून दोघींच्या गप्पा ऐकायचे, तेव्हापासून ती मावशी. लावणी उरकली की ती नदीवर जाते. तिची मासे धरायची रीत साधी आहे. दोघी बायका एका जुन्या लुगड्याची टोकं धरतात, गुडघाभर पाण्यात उतरतात, धारेच्या उलट हळूहळू सरकत जातात आणि एकदम उचलतात. लुगड्यात मळे नावाचे चिमुकले मासे येतात, खवल्या येतात, झिंगे येतात, एखादी शिंगटी येते. कधीतरी सापासारखी लांब वाम. वाम सोडली तर बाकी सगळं बोटाएवढं. बोटाएवढं म्हणजे पूर्ण वाढलेलं, पोरंबाळं झालेलं, म्हातारं व्हायला आलेलं. मळा त्याहून मोठा होतच नाही. हे मला ठाऊक होतं. मी लहानपणापासून तेच खात आलेय. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिचे मासे विकले जाण्यावर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकते, म्हणजे कोणाला हे हॉटेलातल्या चवीचं भांडण वाटायला नको. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं वीटभट्टीवर जातात ती थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परत येतात. मावशी आधी जायची. मग तीन वर्षं गेली नाही. कारण कळंबच्या बाजूच्या एका रिसॉर्टच्या आचाऱ्यानं एकदा तिचे मळे घेतले, रवा लावून तव्यावर कुरकुरीत केले, पाहुण्यांनी बोटं चाटली, आणि दर शनिवार-रविवारी तिचं मागच्या दारी उभं राहणं ठरून गेलं. मग शेजारच्या दोन रिसॉर्टांनीही घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यावर घर चालायचं. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सासूला दिसत नाही. मासे विकले गेले तर मावशी वाडीत राहते आणि सासूला वेळेवर भाकरी मिळते. नाही विकले तर भट्टी. मधलं काही नाही.

आता माझं सांगते.

आमचा चार-पाच जणांचा गट आहे. नदीत टँकर धुणारे, काठावर राडारोडा टाकणारे, रात्रीत वाळू उपसणारे, यांच्यामागे लागायचं हे आमचं काम. लागायचं म्हणजे पत्रकं काढायची, ग्रामसभेत उभं राहायचं, शिव्या खायच्या. पत्रकं मी लिहिते. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, वाचणाऱ्याला पळायला जागा ठेवायची नाही. ते मला जमतं.

मुंबई-पुण्याच्या मित्रमैत्रिणींचा मला एक प्रश्न ठरलेला असतो. "अगं, कर्जतला येतोय, मासे कुठे चांगले मिळतात?" सुरुवातीला मी चिडायचे. भाताच्या मुलखात येता, डोंगर बघायला येता, आणि खायला समुद्र पाहिजे? पण श्रावण सुटला की माणसाला मासा दिसायला लागतो, त्याला ते तरी काय करणार. मग मला वाटलं, विचारतायत तर सांगावं. नुसती चव नको सांगायला. कोणत्या हॉटेलात बसल्यानं माशांचं वाटोळं होत नाही, ते सांगावं. माशांशी इमान राखणारी हॉटेलं, त्यांची यादी, आणि बसण्याआधी विचारायचे प्रश्न.

अलिबागच्या बाजूला आमच्या ओळखीचा एक गट आहे. त्यांचं असंच पत्रक होतं. त्यांनी ते पाठवलं. त्यात सुरमई, पापलेट, हलवा, घोळ, प्रत्येकाच्या पुढे लिहिलेलं की एवढ्या सेंटिमीटरच्या आतला घेऊ नका, तो पिल्लू असतो, त्याला वाढू द्या. चांगलं, अभ्यासून केलेलं काम. मी ते घेतलं आणि छोटं करायला बसले. आमचं पत्रक वहीच्या अर्ध्या पानाएवढं. सगळी यादी मावेना. शिवाय हॉटेलात बसलेला माणूस पट्टी घेऊन सेंटिमीटर मोजणार आहे का? मी यादी उडवली आणि लिहिलं:

"वितीहून लहान मासा म्हणजे पिल्लू. पिल्लू विकणाऱ्या हॉटेलात बसू नका. ताटात आलं तर परत पाठवा."

वीत प्रत्येकाच्या हाताला असते. मला ते वाक्य फार आवडलं होतं. गटातल्या सगळ्यांना आवडलं. आम्ही सगळे या भागातलेच, सगळे मळे खाऊन वाढलेले. एकालाही त्या वाक्यात मळा दिसला नाही. आमच्या डोक्यात मासा खाणं वेगळं आणि मासा वाचवणं वेगळं. खायचा तो नदीतला, आईनं केलेला. वाचवायचा तो कागदावरचा, समुद्रातला, फोटोतला. आमच्या लेखी नदीतला मासा कधी मासाच नव्हता. ते नुसतं कालवण होतं.

हॉटेलं निवडायला मी रविवारमागून रविवार स्कूटरवर हिंडले. शिळफाट्यावरची दोन, खोपोलीच्या रस्त्यावरचं एक, बाकी कर्जत आणि कळंबच्या बाजूची. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचे. शिळफाट्यावरच्या एका वेटरला विचारलं, "सुरमई कुठली?"

तो म्हणाला, "इथलीच."

"इथली म्हणजे?"

"म्हणजे इथंच टेंपो येतो ना ताई, नाक्यावर. तिथनं उचलतो."

शिळफाट्याची सुरमई. मी हसले आणि त्याला यादीत घातलं. कारण माझ्या प्रश्नांत तो पास झाला होता. लहान मासा घेता का? नाही. मोठ्या माशाचे तुकडेच येतात? हो. कुठल्या बंदरातनं, किती दिवसांपूर्वी, कोणत्या बोटीनं, कोणत्या जाळ्यानं, हे तो सांगू शकला नाही आणि मी धरून बसले नाही.

कडावच्या रस्त्यावर एका बाईची खानावळ आहे. चार बाकडी, एक पंखा. तिथे त्या दिवशी मावशीचेच मळे होते, कोकमाचं आगळ घालून, वर लसूण ठेचून टाकलेला. मी दोनदा मागून घेतले. शेवटी ताटात काही उरलं नाही, काटासुद्धा नाही, कारण मळ्याचा काटा चावून खायचा असतो. हात धुतला, स्कूटरवर बसले, वही काढली, आणि त्या खानावळीवर काट मारली. लहान मासा वापरतात. नियम म्हणजे नियम.

पत्रक छापलं. हॉटेलांना वाटलं. आणि त्यांनी ते चक्क घेतलं. इतकी वर्षं आम्ही पत्रकं वाटतोय, लोक त्यात भजी खातात. हे मात्र काऊंटरवर काचेखाली गेलं. कळंबच्या त्या रिसॉर्टनं तर प्लॅस्टिकमध्ये घालून पक्कं करून घेतलं, एक रिसेप्शनला, एक स्वयंपाकघराच्या दाराला. मॅनेजरनं फोन करून बोलावलं, मॅडम, आणखी प्रती आणा, गेस्ट विचारतात. मी हवेत. अशी त्या शनिवारी तिथे गेले.

त्यांची पाटी मोठी आहे. "रिव्हर टच" असं लिहिलंय. नदीला टेकून बांधलंय हे खरं, भिंत तर नदीतच आहे. गणपती झालेले, गाड्या लागलेल्या, मागच्या बाजूला तळणीचा वास. मला कोकम सरबत दिलं आणि मॅनेजर म्हणाला, चला, आत दाखवतो कुठे लावलंय ते. आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेलो. तिथे मावशी उभी होती. डोक्यावरची टोपली खाली ठेवलेली, वर ओला पाला. मला बघून तिचा चेहरा फुलला. तिला वाटलं मी तिच्या बाजूनं आलेय.

मॅनेजर तिला म्हणाला, "मावशी, ऐका. हे आता चालणार नाही."

"काय झालं सायेब? ताजं हाय. सकाळचं हाय. बघा, डोळं बघा त्याचं."

"ताजं आहे हो. पण लहान आहे." आणि त्यानं दारावरचा कागद वाचून दाखवला. माझं वाक्य. शब्द न् शब्द. चांगलं वाचलं, ठासून. ते वाक्य ठासून वाचलं जावं म्हणूनच तसं लिहिलं होतं. मग त्यानं एक मळा उचलून स्वतःच्या पसरलेल्या पंजावर ठेवला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत अर्धासुद्धा भरला नाही. "बघा. पिल्लू आहे. सरळ लिहिलंय."

मावशी म्हणाली, "पिल्लू? सायेब, ही आजी हाय. हिला नातवंडं असतील."

आतले दोघं-तिघं हसले. मॅनेजरही हसला. म्हणाला, "वाम आणा, मोठी. ती घेऊ."

"वाम काय माजी भाची हाय का, हाक मारली की यायला?" आणि असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. तिला बिचारीला हसून साथ हवी होती. मॅनेजरनंही माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "या मॅडमनीच लिहिलंय. विचारा त्यांना."

तिनं दारावरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "हे तू लिवलंस काय गं?"

मी हो म्हणाले.

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला रोज सुचतं. तो नियम समुद्राच्या माशाचा आहे. मळा एवढाच असतो. कागद चुकलाय, काढा तो दारावरून. तीन वाक्यं. मला छोटी वाक्यं जमतात असं मी वर म्हटलंय. पण मागे टेबलांवर माणसं होती, त्यातल्या दोघींनी आत शिरताना मला थांबवून सांगितलं होतं की तुमचं काम फार छान आहे. हातात सरबत होतं. मी म्हणाले, "मावशी, जरा मोठे नाय का मिळत?"

ती काही चिडली नाही. टोपलीवरचा पाला नीट केला आणि म्हणाली, "मळा मोठा करू? तुज्या आईला इचार, तो किती वाढतो ते." टोपली उचलायला तिला कोणी हात लावला नाही. तिनं एकटीनं गुडघ्यावर घेऊन डोक्यावर चढवली आणि गेली. त्या दिवशी बाकीच्या दोन रिसॉर्टांतूनही ती तशीच परत आली. तिथेही माझा कागद होता.

आईला विचारायची गरज पडली नाही. बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. आई तांदूळ पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "मळा वीतभर झाला तर त्याला मळा कोण म्हणंल गं?"

मी म्हटलं, "चूक झाली."

"तुला उष्टावलं तेव्हा पयला घास त्याच माशाच्या पाण्यातला व्हता. तवा नाय वीत लावलीस."

"आई, झाली चूक. सुधारते."

"सुधार. पर एक सांग, तुमी एवढी शिकलेली पोरं बसलात, लिवलात, छापलात. त्यात एकानं पण तिला इचारलं नाय? ती काय परगावची हाय?"

 

सुधारायला घेतलं. नवं पत्रक लिहिलं. त्यात स्पष्ट लिहिलं की वितीचा नियम समुद्रातल्या मोठ्या जातींना आहे, नदीतले मळे, खवल्या, झिंगे लहानच असतात, ते इथल्या बायका हातानं धरतात, ते घ्या, ते खा, आणि ते ठेवणाऱ्या हॉटेलातच बसा. खानावळ यादीत घातली. शिळफाट्याची दोन्ही काढली. छापून पंधरा दिवसांत पुन्हा त्याच रिसॉर्टवर गेले.

मॅनेजरनं वाचलं. परत दिलं.

"मॅडम, जुनंच राहू द्या."

"ते चूक आहे."

"असेल. पण आता बसलंय ते. गेस्टना आवडतं. फोटो काढतात त्याचा."

"त्यामुळे एका बाईचं पोट गेलं."

तो कंटाळून खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "खरं सांगू का? ती बिल देत नाही. ते मासे साफ करायला दोन माणसं अडकतात. काट्याचा मासा गेस्टच्या पोराच्या घशात अडकला तर मी जबाबदार. आचारी नवा आहे, त्याला ते येत नाही. मी चार महिने विचार करत होतो की तिला कसं सांगू. इतकी वर्षं येते बाई, तोंडावर कसं सांगायचं. तुमच्यामुळे सोपं झालं." आणि मग अगदी मनापासून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुमचं पत्रक नसतं ना मॅडम, तर मलाच वाईट वाटलं असतं."

हे वाक्य मी कोरून ठेवलंय. आमच्या गटाच्या बैठकीत प्रत्येक नव्या माणसाला ऐकवते. एखादा कागद तुमचा असूनसुद्धा कोणाच्या हातात जाऊन काय काम करतो, ते यात आहे. त्याला माशांचं काही पडलेलं नव्हतं. त्याला न लाजता दार लावायचं होतं. कडी मी दिली.

म्हटलं, ठीक. मॅनेजर नाही तर पाहुणे. त्यांना सांगू, ते मागतील, मग याला घ्यावंच लागेल. पुढच्या रविवारी गेटबाहेर उभी राहिले आणि नवं पत्रक वाटलं. गाडीतून उतरणाऱ्या एका बाईंनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. असं वाचणारी माणसं कमी. मला आशा वाटली.

त्या म्हणाल्या, "पण हे लहान म्हणजे बेबी फिशच ना? आम्ही मुलांना शिकवलंय की बेबी फिश खायचा नाही."

मी सांगितलं की नाही, ही पूर्ण वाढलेली जात आहे.

"हो, पण मुलांना एकदा सांगितलंय आता. कन्फ्यूज होतील." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "त्या बाईंना मदत म्हणून काही देऊ का मी? कपडे वगैरे आहेत गाडीत."

त्यांचे मिस्टर मागून म्हणाले, "अगं चल ना. दोन दिवस डोकं घरी ठेवून आलोय आपण."

मग ते आत गेले आणि सुरमई थाळी मागवली. बर्फातून किती दिवसांनी बाहेर आली, कोणत्या राज्याचा समुद्र, कोणालाच ठाऊक नाही. पण तुकडा मोठा होता. मुलांना शिकवलेलं बरोबर निघालं. शेजारी नदी, तिच्यात शंभर पावलांवर दोघी बायका लुगडं धरून उभ्या, आणि काठावर बसून माणसं चांगुलपणानं लांबचा मासा खातायत. मला तो चांगुलपणा त्या मॅनेजरपेक्षा जास्त लागला. मॅनेजरशी भांडता येतं. कपडे देऊ का म्हणणाऱ्या बाईशी कसं भांडायचं?

नवरात्रात मी वाडीवर गेले. जायला उशीर केला, हे कबूल. तोंड नव्हतं. मावशी दगडावर मासे सुकवत होती. न विकलेले मासे सुकवायचे, दुसरं करणार काय. पण त्या दिवसांत ऊन धड नसतं, अर्धे वास मारायला लागलेले. सासू पडवीत बसून कावळे हाकत होती, कावळे नसले तरी.

मी म्हटलं, "मावशी, माफ कर."

"बस गं. पाणी पी आदी."

मी नवा कागद काढून वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला. विचारलं, "मग हा लावला का दाराला?"

"नाय. ऐकत नाहीत."

"पयला ऐकला तो?"

"तो ऐकला."

"मंजे जो त्यांना पायजे तो कागूद ऐकतात." असं म्हणून ती पुन्हा मासे उलटे करायला लागली. आमच्या गटाच्या बैठकांत हे इतकं सरळ कोणी मांडलेलं नाही.

मग बोलता बोलता म्हणाली की वाडीच्या खालच्या अंगाला नदीत एक खोल कोंड आहे, तिथे त्या बायका दिवाळीपर्यंत लुगडं घालत नाहीत. कोणी घातलं तर बाकीच्या तिच्याशी बोलत नाहीत. कोंडातला मासा बी आहे, तो राहिला तर पुढच्या साली नदीत मासा, असं त्यांचं चालत आलेलं. मी ऐकत राहिले. हा नियम आमच्या कोणत्याच पत्रकात नव्हता. मी म्हटलं, "हे कधी सांगितलं नाहीस गं."

"तू इचारलंस कदी? तू खायला यायचीस."

सासू मध्येच म्हणाली, "कोन हाय गं?"

"कडावची पोर हाय. लिवती ती."

"तीच का ती?" सासूनं विचारलं, आणि पुन्हा कावळे हाकायला लागली. 

मी खानावळवालीकडे गेले. म्हटलं, तू तरी जास्त घे. ती म्हणाली, "घेते, का नाय घेणार. पर खाणार कोण? शनवारी गाड्या येतात, हातात तुजी यादी असते, माजं दार सोडून फुडं जातात. आता नव्या यादीत घातलंस, पर ती यादी हाय कोणाच्या हातात?" तरी तिनं घेतले, दर वेळी थोडे. कडाव गावात विकायचं म्हटलं तर प्रत्येक घरचं कोणी ना कोणी स्वतः नदीवर जातं. कर्जतच्या बाजारात मावशी बसायला गेली तर तिथल्या बायकांच्या जागा ठरलेल्या, समोर बर्फावर पापलेट, आणि हिच्या टोपलीकडे बघून गिऱ्हाईक म्हणायचं, मांजराला पाहिजेत का? दोन आठवडे बसली. मग नाही गेली.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी वाडीत ट्रॅक्टर आला. मला खानावळवालीनं कळवलं. मी पोचले तेव्हा गोधड्या, हंडे, एक कोंबडीचं खुराडं, सगळं चढलेलं. मावशीनं सासूला कमरेत धरून वर चढवलं. म्हातारी विचारत होती, कुठं चाललो, आणि मावशी सांगत होती, भाकरी खायला. मी ट्रॅक्टरच्या फळीला धरून उभी.  म्हटलं, "पुढच्या साली मी दार उघडायला लावते."

ती म्हणाली, "तू लिवू नको म्हंजे झालं." हसून म्हणाली. पण म्हणाली.

भट्टीवरून ती पावसाच्या तोंडावर परत आली. आली तेव्हा सासूला खोकला लागलेला. राखेत आणि धुरळ्यात बसून दुसरं काय लागणार. तो अजून आहे. दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत. मावशीनं लावणी केली आमच्याकडे, आणि आता परत नदीत उतरते. कोणाला विकायचे ते ठरलेलं नाही तरी उतरते, कारण हातांना तेवढंच येतं. यंदाची दिवाळी लांब नाही. सासू या वेळी ट्रॅक्टरवर चढू शकणार नाही. हे मावशीला माहीत आहे, मला माहीत आहे, बहुतेक सासूलाही. म्हणजे या वेळी प्रश्न असा की एकटी आंधळी बाई वाडीत ठेवून भट्टीवर जायचं, की उपाशी दोघींनी घरी राहायचं.

तिनं लिहू नको म्हटलं होतं. मी तरी लिहितेय. कारण माझ्या लिहिण्यानं ते दार बंद झालं, आणि न लिहिण्यानं उघडत नाही हे वर्षभर बघितलं. ग्रामसभेत बोलून झालं. रिसॉर्टवाल्यांच्या बैठकीत जाऊन झालं, तिथे चहा पाजला आणि पर्यावरणाबद्दल त्यांनीच मला ऐकवलं. माझं वजन त्यांच्यापुढे शून्य आहे. तुमचं नाही. ते फक्त एकाच माणसाचं ऐकतात, जो गाडीतून उतरतो आणि खुर्चीत बसतो. तो तुम्ही आहात.

म्हणून मागणी तुमच्याकडे. कर्जत-खालापूरला येणार असाल तर खोली ठरवण्याआधी फोन करा आणि एकच विचारा: नदीतला मासा वाडीच्या बायकांकडून घेता का, मागच्या दारी कोण येते? उडवाउडवी केली तर खोली घेऊ नका. तिथे पोचल्यावर कळलं तर जेवायच्या आधी उठा, आणि का उठताय ते मॅनेजरला बाकीच्या टेबलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. तुमची सुट्टी थोडी बिघडेल. बिघडू द्या. फोन या आठवड्यात करा, दिवाळीनंतर नको.